पास केलेल्या गाड्या

अकरा वर्षं मी गाड्यांचा धूर तपासायचं काम केलं. कल्याण-शीळ रस्त्यावर एका पेट्रोल पंपाच्या कडेला माझी व्हॅन उभी असायची. आत एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. गाडी आली की तिच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ड्रायव्हरला इंजिन रेझ करायला सांगायचं, मशीनवरचा आकडा बघायचा, नंबर प्लेटचा फोटो काढायचा आणि कागद हातात द्यायचा. लोक त्याला पीयूसी म्हणतात. त्या कागदाचा अर्थ काय, हे मला फारसं कोणी विचारलं नाही. पोलिसाने अडवलं तर दाखवायला कागद पाहिजे, एवढंच.

माझी आई त्याच रस्त्यावर बसायची. व्हॅनपासून शंभरेक पावलांवर सिग्नल आहे, तिथे भाजी घेऊन.

आम्ही इथलेच. रस्त्याच्या कडेला आज जे टॉवर उभे आहेत त्यांतल्या दोनांच्या जागी आमचं भात पिकायचं. जमीन गेली, तिच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात आम्ही राहतो. आईला रस्त्यावर बसायची काही गरज नव्हती. माझी बायको तिला सांगून सांगून थकली. आई म्हणायची, "बसून खाल्लं तं हाडांना गंज चढतो." बिल्डिंगच्या मागे नाल्याला लागून जमिनीचा एक वाकडा तुकडा उरलेला, बिल्डरच्या काही कामाचा नव्हता. तिथे ती लाल माठ, मुळा, मेथी लावायची. पहाटे जुड्या बांधायची, टोपलीत रचायची आणि नऊच्या सुमारास डोक्यावर घेऊन निघायची.

सिग्नलची जागा तिने विचार करून धरलेली. गाड्या थांबतात तिथे गिऱ्हाईक मिळतं. रिक्षातल्या बायका बसल्या जागेवरून हात पुढे करायच्या, बाइकवाले पाय टेकवून दोन जुड्या पिशवीत टाकायचे. पुढे रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहायला लागले, पत्रे लागले, रस्ता अर्धा झाला. मग गाड्या नुसत्या सिग्नलला नाही, तर तासन् तास थांबायला लागल्या. इंजिनं चालूच. डंपर, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, शाळेच्या व्हॅन. आई खूश होती. "आता माल दुपारीच खपतोय," म्हणायची.

उरलेल्या जुड्या ती घरी आणून बादलीत बुडवायची. ते पाणी मी कितीदा बघितलेलं. मातीचं पाणी तांबूस असतं, थोडा वेळ ठेवलं की गाळ खाली बसतो. हे पाणी काळं व्हायचं आणि वर तेलकट तवंग यायचा. आई आधी भाजी तीन पाण्यांतून काढायची, मग पाच पाण्यांतून काढायला लागली. "लोकांच्या पोटात जातंय," म्हणायची. तिच्या स्वतःच्या छातीत काय जातंय हे तिच्या डोक्यात आलं नाही. ज्याचं कामच धूर मोजायचं, त्या माझ्याही डोक्यात आलं नाही.

काकाबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. वडील गेले तेव्हा मी अकरावीला होतो, आणि त्यानंतर आमच्या घरावर हात ठेवून उभा राहिला तो हा एकच माणूस. त्याचा डिझेलचा टेम्पो होता. कल्याणच्या मार्केटमधून माल उचलायचा आणि डोंबिवली-ठाकुर्लीच्या दुकानदारांना पोचवायचा. टेम्पोच्या मागच्या फळीवर त्याने स्वतः निळ्या रंगाने कमळ काढलेलं. कमळ जरा वाकडं आलेलं, पण ते बघून गावात कोणीही सांगायचं, काका चालला.

व्हॅन सुरू केली तेव्हा मी कडक होतो. नवीन काम, नवीन मशीन, आपण काहीतरी सरकारी करतोय असा रुबाब. दुसऱ्या वर्षी काका टेम्पो घेऊन आला. मी नळी लावली, त्याला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितलं. असा काळा लोट आला की पंपावरचा पोऱ्या खोकत पळाला. मशीनने अर्थातच फेल केलं.

"काका, इंजिनचं काम करून घ्या. गाडीचा डिझेल-पंप, नोझल बघायला लागेल," मी म्हणालो.

"बरं," काका म्हणाला आणि गेला. रागावला नाही. त्याला लाज वाटली बहुतेक.

संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच उभी.

"काकाला परत पाठवलास?"

"गाडी धूर टाकते त्याची."

"सगल्यांच्याच टाकतात. बाप गेला तवा आपल्याला उभं कोनी केलं? आज तुझ्याकडं एक कागद मागाया आला तं तू त्याला मशीन दाखवतोस?"

मी तिला समजवायचा प्रयत्न केला. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून म्हणाली, "आपल्या मानसाला असं परत नाय पाठवत रे."

दुसऱ्या दिवशी मीच काकाला फोन केला. टेम्पो आला. नळी आत घातली नाही, सायलेन्सरच्या तोंडापासून लांब धरली. काकाला म्हटलं, रेझ करू नका, नुसती चालू ठेवा. आकडा आला तो इतका सभ्य की मलाच हसू आलं. कागद छापला. काकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

गावात अशी गोष्ट लपत नाही. आठवड्याभरात काकाचा मेहुणा आला, मग त्याचा भागीदार, मग शाळेची व्हॅन चालवणारा माझ्या वर्गातला मुलगा. काकाची झाली, मग माझी का नाही? आमच्या पट्ट्यात कोणाचं कोणाशी नातं नाही असं होत नाही. थोड्याच दिवसांत नळी लांब धरायची माझ्या हाताला सवयच लागली. त्यासाठी मी कधी वरचे पैसे घेतले नाहीत. पूर्वी हे मी छाती काढून सांगायचो. आता वाटतं, घेतले असते तर निदान आपण काहीतरी वाईट करतोय हे मला कळलं तरी असतं. मी ते माणुसकी समजून करत होतो.

आईचा खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. थंडीत इथली हवा खाली बसते. सकाळी खिडकी उघडली की समोरचे टॉवर दिसत नाहीत, आणि ते धुकं नसतं हे नाकाला लगेच कळतं. डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरांनी औषध दिलं. खोकला गेला, परत आला. पुढच्या वर्षी लवकर आला आणि उन्हाळा लागला तरी गेला नाही. पहिल्या मजल्यावर चढताना आई मध्येच थांबायला लागली. विचारलं की म्हणायची, "गुडघं दुखतात." मी ते मान्य केलं. गुडघ्याचं दुखणं मानायला सोपं होतं.

मग डॉक्टरांनी ठाण्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एका मंगळवारी आम्ही दोघं माझ्या गाडीने निघालो. एसीत आईला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून तिच्या बाजूची काच खाली होती. शीळफाट्याला पोचलो आणि अडकलो. गाडी दहा फूट सरकायची, थांबायची. आईने पदर नाकाला लावलेला.

आमच्या पुढे एक टेम्पो होता. दर वेळी तो सरकला की सायलेन्सरमधून काळा गोळा बाहेर पडायचा आणि सरळ आमच्या काचेवर यायचा. मी फळीवरचं निळं कमळ आधीच बघितलेलं. आईला दिसू नये म्हणून मी गाडी जरा डावीकडे घेतली, पण जागाच नव्हती.

"काकाची गाडी ना रे ती?" आई म्हणाली.

"हो. ठाण्याचं भाडं असेल."

"धूर लय टाकतंय."

"हो."

ती खोकली. बराच वेळ खोकली. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिने हातानेच नको म्हटलं. श्वास जागेवर आल्यावर तिने विचारलं, "तिला कागद तूच देतोस ना?"

मी स्टिअरिंगकडे बघत राहिलो. टेम्पो परत सरकला, परत धूर आला.

"मीच सांगतलेलं तुना," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "काच वर कर."

मी काच वर केली.

डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी आईला नळीत फुंकायला लावलं. माझ्या मशीनलाही नळी, ह्यांच्याही मशीनला नळी, असं काहीतरी मनात आलं आणि मी ते झटकलं. आईला फुंकर पुरवता येत नव्हती. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा मध्येच दम तुटला.

"चुलीवर स्वयंपाक केलात का?"

"लग्नानंतर धा-बारा वर्सं. मग गॅस आला."

"मिश्री? तंबाखू? घरात कोणी विडी ओढायचं?"

"नाय बा. ह्याच्या बापालाबी नाद नव्हता."

"मग दिवसभर कुठे असता?"

"शिंगलला बसतंय. भाजी घेऊन."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. किती वर्षं, किती तास, रस्त्यापासून किती लांब, सगळं विचारलं. आईने हाताने अंतर दाखवलं, टेबलापासून खुर्चीपर्यंत. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, डोळ्यांना दिसतो तो धूर अर्धा नाकात आणि घशात अडकतो, खोकून बाहेर पडतो. जो दिसत नाही तो बारीक, तो थेट आत जातो आणि तिथेच राहतो. चालत्या गाडीपेक्षा अडकलेली, सरकत-थांबत जाणारी गाडी वाईट. त्यात टायरची, ब्रेकची, रस्त्याची धूळ. "त्यांची उंची बघा," ते म्हणाले. "जमिनीवर बसलं की तोंड बरोबर सायलेन्सरच्या रेषेत येतं. यांना तिथून उठवा."

कागद हातात देताना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

"माझी एजन्सी आहे," मी म्हणालो.

"कसली?"

"गाड्यांची."

आई माझ्याकडे बघत होती.

महिनाभर ती घरी राहिली. बाल्कनीत बसायची, पण बाल्कनीही रस्त्यावरच. दारं लावून घेतली तर म्हणायची, जीव घुसमटतो. एक दिवस मी दुपारी सिग्नलवरून गेलो तर ती टोपली घेऊन जागेवर बसलेली. बायकोच्या हातापाया पडून निघालेली म्हणे. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "हितं चार मानसं बोलतात माझ्याशी. घरात तुमी सगले मोबाईलमधी." मी तिला मास्क आणून दिला. तिने तो हनुवटीवर लावला आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिली.

माझ्या हातात होतं ते मी करायला घेतलं. नळी पूर्ण आत घालायला लागलो. पहिल्याच आठवड्यात शाळेची व्हॅन फेल केली, दोन डंपर फेल केले, आणि काका आला तेव्हा त्याचाही टेम्पो फेल केला. या वेळी मी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं. आईचं, डॉक्टरांचं. काकाने मान हलवली. "बरोबर आहे तुझं," म्हणाला.

दोन दिवसांनी तो परत आला, हातात दुसऱ्या सेंटरचा कागद घेऊन. पास. माझ्यासमोर धरून अगदी मनापासून म्हणाला, "तुझं मशीन बिघडलंय रे. तपासून घे एकदा."

त्याला खरंच तसं वाटत होतं. गाड्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या, पण रस्त्यावरच्या कमी झाल्या नाहीत. दुपारी रिकाम्या व्हॅनमध्ये बसून मी समोरून जाणाऱ्या गाड्या बघायचो. मी फेल केलेल्या आणि दुसऱ्याने पास केलेल्या. पण त्याहून जास्त, मीच पास केलेल्या.

त्या थंडीत आईला दवाखान्यात ठेवायला लागलं. दहा दिवसांनी घरी सोडलं ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. आमच्याकडे वीज जाते, म्हणून एक सिलिंडर जवळ ठेवा असं सांगितलं. मी दिवसभर फोन करत होतो, कुठे मिळेना. काकाला कळलं. त्याने कल्याणमध्ये ओळखीतून सिलिंडर मिळवला आणि संध्याकाळी स्वतः घेऊन आला.

आईचा पलंग खिडकीपाशी होता, खिडकीखाली गेट. टेम्पो गेटमध्ये उभा राहिला, इंजिन चालू. धूर भिंतीला लागून वर आला आणि खोलीत शिरला. मी खिडकीतून ओरडलो, "काका, इंजिन बंद करा!"

"बंद केलं तं परत चालू नाय होत! बॅटरी गेलीय!" खालून काका ओरडला.

"बंद करा म्हणतो ना!"

आईने माझा शर्ट ओढला. नाकात नळी, बोलायला दम नाही. तरी म्हणाली, "ओरडू नको त्याच्यावर. त्यानं आनलंय."

मी खिडकी लावली. काका साठीच्या पुढचा माणूस, तो जड सिलिंडर खांद्यावर घेऊन एक मजला चढून आला. कोपऱ्यात ठेवला आणि भिंतीला टेकून खोकायला लागला. खोकला थांबेना. मला तो खोकला ओळखीचा होता. आईलाही.

"तुनाबी लागला?" तिने विचारलं.

"ह्यो धुलीचा, वैनी. जाईल," काका म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघून हसली. तो टेम्पो खाली तसाच धडधडत होता.

आई पौषात गेली, दुपारी अडीचच्या सुमारास, कल्याणच्या हॉस्पिटलात. शेवटचे दोन दिवस ती बोलत नव्हती. मी तिचा हात धरून बसलेलो. जुड्या बांधून बांधून तिच्या अंगठ्याला दोऱ्याची एक रेघ पडलेली, ती मी बोटाने चाचपत होतो. मला तिची माफी मागायची होती. आजूबाजूला लोक होते, बायको होती, नर्स ये-जा करत होती. आज मागू, उद्या मागू करता करता राहून गेलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण इंग्रजीत लिहिलेलं, फुप्फुसाचं आणि हृदयाचं. त्यात रस्त्याचं कुठे काही नव्हतं.

दहाव्याला काका माझ्या शेजारी बसलेला. लहान मुलासारखा रडला. मला त्याला सांगायचं होतं, काका, आपण दोघांनी. मी फक्त म्हणालो, "तो टेम्पो आता काढून टाका."

"काढला तं मी करू काय?" डोळे पुसत त्याने विचारलं.

पावसाळ्यानंतर त्याने तो काढला. त्यालाच चालवणं झेपेना. भिवंडीच्या कोणालातरी विकला. म्हणजे टेम्पो आमच्या रस्त्यावरून हटला, एवढंच. तो भिवंडीत कुठेतरी फिरत असेल आणि त्याच्या मागे कोणीतरी काच वर करत असेल.

आईचे कागद आणायला गेलो तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. माझा धंदा काय, मी काय केलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असं एका गाडीवर बोट ठेवता येत नाही हो." ते मला धीर द्यायला म्हणाले असणार. पण एका गाडीवर बोट ठेवता आलं असतं तर ते मला सोपं गेलं असतं.

मी व्हॅन बंद केली. मशीन एकाने नेलं. आता वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये आहे. नट-बोल्ट देतो, वहीत सही घेतो. बसने जातो-येतो, रोज दीड तास, कधी दोन.

आईच्या जागेवर मागच्या हिवाळ्यापासून एक बाई बसते. जालन्याकडची आहे. नवरा बिल्डिंगच्या कामावर. वय असेल तिशीचं. पहिले काही दिवस मी तिच्यासमोरून मान खाली घालून गेलो. मग एका रविवारी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, इथे बसू नका. हवा फार वाईट आहे इथली."

"मग कुठं बसू?" तिने विचारलं. भांडण म्हणून नाही, खरंच विचारलं.

मी आमच्या बिल्डिंगच्या गेटच्या आत, रस्त्यापासून लांब, तिला जागा करून दिली. सोसायटीच्या लोकांशी भांडून दिली. ती दोन दिवस आली. तिथे येतं कोण? कोथिंबीर तशीच सुकली. तिसऱ्या दिवशी ती परत सिग्नलला.

"तुमचं म्हणणं कळतंय दादा," ती मला म्हणाली, "पण गाड्या थांबतात ते हितंच."

मी तिला सांगितलं, माझी आई बसायची या जागेवर.

"माहितीये की," ती म्हणाली. "लोकं सांगतात. म्हातारीची जागा लई चांगली व्हती म्हणून तर मी हितं आले."

सिग्नल सुटला. पुढे ती काही बोलली ते गाड्यांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तिने एका रिक्षावाल्याला दोन जुड्या दिल्या, पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या रांगेकडे वळली. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो आणि मग घरी गेलो.